७ म्हणजे कोणता तालुका?

आपल्याकडच्या प्रोग्रामिंगच्या वर्गात एक सोवळं पाळलं जातं : "बिल्ट-इन फंक्शन न वापरता लिहा." स्ट्रिंगची लांबी काढा, पण स्ट्रलेन न वापरता. आकडे चढत्या क्रमाने लावा, पण सॉर्ट न वापरता. आणि हे कोणाला? ज्याने कीबोर्डला नुकता कुठे हात लावलाय त्याला! एनम, म्हणजे नावांची ठरलेली यादी, मात्र पुस्तकाच्या मागच्या पानांत, दोन मार्कांची टीप म्हणून. उदाहरणही ठरलेलं : संडे, मंडे, ट्यूसडे.

माझं म्हणणं नेमकं उलट आहे. या दोन्ही गोष्टी पहिल्याच महिन्यात द्या.

आधी एनम. गडचिरोली जिल्ह्यात १२ तालुके. त्यांच्या पावसाची नोंद ठेवणारा छोटा प्रोग्राम लिहायचाय. एनम न शिकलेला विद्यार्थी तालुक्यांना १ ते १२ नंबर देतो आणि लिहितो, "तालुका ७ असेल तर..." आता ७ म्हणजे एटापल्ली की भामरागड? आठवडाभराने त्याचं त्यालाच आठवत नाही. एनममध्ये सरळ नावं लिहायची : अहेरी, कोरची, सिरोंचा. नाव चुकलं की प्रोग्राम तिथेच अडतो.

आपल्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. मृगात पऱ्हे टाकले, पुनर्वसूत रोवणी लागली, असंच तो बोलतो. मृगापासून हस्तापर्यंत ९ नक्षत्रं, क्रम ठरलेला, मध्ये भलतं नाव घुसायची सोय नाही. हाच तर एनम! संडे-मंडेचं काय घेऊन बसलात?

कोणी म्हणेल, सीमधला एनम आतून नुसता पूर्णांक, त्यात १३ टाकला तरी चालतं. खरंय. पण तो सीचा ढिलेपणा झाला. निक्लाउस वर्थ यांची १९७० ची पास्कल शिकवण्यासाठीच केलेली भाषा. तिच्यात हा प्रकार होता, आणि यादीतला पुढचा-मागचा घटक देणारी बिल्ट-इन फंक्शन्सही सोबत होती. पायथॉनमध्ये एनम २०१४ मध्ये आला, आणि पायथॉन ३ मध्ये तर ही नावं देवनागरीतही लिहिता येतात.

आता फंक्शन्सकडे वळू. विरोधकांचा मुद्दा असा की तयार माल दिला की पोरं आळशी होतात, आत काय चाललंय ते कळत नाही. मुद्दा दुर्लक्ष करण्यासारखा नाही, म्हणून तपासूनच बघू. "गडचिरोली" या शब्दात अक्षरं किती? कोणतंही पोर सांगेल, ५. पायथॉनचं लेन सांगतं ८. यूटीएफ-८ मध्ये साठवलेल्या याच शब्दाला सीचं स्ट्रलेन सांगतं २४! "चंद्रपूर" घ्या. अक्षरं ४, पण लेन पुन्हा ८ आणि स्ट्रलेन पुन्हा २४.

गंमत बघा, तोच लूप "स्ट्रलेन न वापरता" हाताने लिहिला तरी उत्तर २४च येतं. म्हणजे त्या कष्टातून आतलं काहीच कळलं नाही. वेलांटी, मात्रा, अनुस्वार, हलन्त वेगवेगळे मोजले जातात आणि प्रत्येकाला ३ बाइट लागतात, हे कळलं ते तयार फंक्शन वापरून, उत्तर पाहून "असं कसं?" विचारल्यामुळे. आत डोकावायची इच्छा वापरण्यातून होते, बंदीतून नाही.

स्वतःचा सॉर्ट लिहायला लावूच नका असं मी म्हणत नाही. नंतर लावा. आणि मग हजार आकड्यांवर तो बिल्ट-इनशी ताडून पाहायला लावा. तयार फंक्शन म्हणजेही काही वेदवाक्य नव्हे. जावाच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये सुमारे ९ वर्षं चूक होती. मधली जागा काढताना दोन मोठ्या संख्यांची बेरीज पूर्णांकाच्या मर्यादेबाहेर जायची. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी ते जाहीरपणे लिहिलं. तज्ज्ञांचा हात चुकतो, तर पोराचा का नाही चुकणार? म्हणून ताडून पाहणं हाच खरा धडा.

हे मी इतक्या तावातावाने का लिहितोय? २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं ते याच दोन जिल्ह्यांसाठी. इथल्या कॉलेजांत येणाऱ्या कितीतरी पोरापोरींच्या घरात कॉम्प्युटर नाही. जो काय वेळ मिळतो तो लॅबमध्ये, तोही वीज असेल तर. त्या तुटपुंज्या तासांत पाठ केलेला बबल सॉर्ट उतरवून घेतला तर मार्क मिळतात, समज नाही. आणि ज्याला पाठही होत नाही तो ठरवून टाकतो, "हे आपलं काम नाही." तोच आपल्या तालुक्याच्या पावसाचा प्रोग्राम पहिल्या महिन्यात चालवून दाखवता, तर?

असो. पुढचा पेपर काढणाऱ्या गुरुजनांना एवढीच विनंती. "न वापरता" हे दोन शब्द खोडा आणि तिथे लिहा, "वापरून, आणि मग तपासून."