डिस्कवरचा आवाज आहे तसाच उतरवून घ्या

घरात ब्लू-रे डिस्क पडून आहेत, प्लेअर केव्हाच बंद पडलाय आणि आता सगळं भंगारात काढायचं चाललंय? जरा थांबा. त्या डिस्कवर चित्रपटाचा जो आवाज आहे तो तुमच्या स्ट्रीमिंगच्या वर्गणीत येत नाही. नेटफ्लिक्स ॲटमॉसचा आवाज सेकंदाला जास्तीत जास्त ७६८ किलोबिटमध्ये बसवतं. ५.१ चा, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झचा न दाबलेला आवाज सेकंदाला ६,९१२ किलोबिट होतो. डिस्कवर तोही दाबलेलाच असतो, पण नऊवारीची घडी घातली म्हणून कापड कमी होत नाही, तसा. उलगडला की एकही बिट हरवलेला नसतो. यालाच लॉसलेस म्हणतात.

डिस्कवर हे काम बहुधा दोन पद्धतींनी केलेलं असतं आणि त्यांतला फरक माहीत असलेला बरा. डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हा एकच ट्रॅक असतो. त्याच्या पोटात सेकंदाला साधारण १,५०९ किलोबिटचा जुना डीटीएस गाभा आणि वर उरलेली सगळी भर. जुन्या रिसीव्हरला फक्त गाभा कळतो आणि काही सॉफ्टवेअरही तेवढाच काढून देतात. डॉल्बी ट्रूएचडीमध्ये असा गाभा नसतो, म्हणून डिस्कवर त्याच्या जोडीला साधा डॉल्बी डिजिटल ट्रॅक ठेवलेला असतो. मेकएमकेव्हीसारख्या प्रोग्रॅममध्ये यादी उघडली की दोन्ही दिसतात. घाईत भलत्यावरच खूण होते आणि मग लॉसलेस म्हणून जपलेली फाइल निघते ६४० किलोबिटची. फाइल मीडियाइन्फोमध्ये उघडून ट्रॅकचं नाव एकदा वाचाच.

लॅपटॉपच्या डीव्हीडी ड्राइव्हने हे होणार नाही. त्याचा लेझर लाल, ब्लू-रेचा ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा. यूएसबीवर चालणारा ब्लू-रे ड्राइव्ह लागेल. जागाही मोकळी ठेवा, कारण दुहेरी थराच्या डिस्कवर ५० जीबीपर्यंत माल असतो.

आता कायद्याचं. या डिस्कना एएसीएसचं कुलूप असतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय दंड. कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठीच्या रास्त व्यवहाराला सवलत आहे. ती तुम्ही विकत घेतलेल्या डिस्कपुरती धरा, मित्राकडून दोन दिवसांसाठी आणलेल्या डिस्कला लावू नका. आणि फाइल टेलिग्रामवर टाकायची नाही, नातेवाइकांच्या ग्रुपवरसुद्धा नाही. अमेरिकेत राहणाऱ्यांनी आणखी जपावं. तिथल्या १९९८ च्या डीएमसीए कायद्यात चित्रपटाची घरगुती प्रत काढण्यासाठीही कुलूप तोडायची मुभा नाही.

उतरवताना माझा आग्रह एकच: ट्रॅक बदलू नका. एफएफएमपेग वापरत असाल तर ऑडिओला ‘कॉपी’ हाच पर्याय द्या. फ्लॅकमध्ये बदलल्याने साध्या ५.१ किंवा ७.१ आवाजाचं काही बिघडत नाही, फ्लॅकही लॉसलेसच आहे आणि आठ चॅनेल सांभाळतो. पण ट्रूएचडीत ॲटमॉस असेल तर कुठला आवाज खोलीत कुठून कुठे फिरतो याची माहिती त्या ट्रॅकसोबत असते आणि फ्लॅक करताना ती गळून पडते. एमपी३चा तर विचारही नको. हेडफोनसाठी स्टिरिओ हवाच असेल तर वेगळी प्रत करा आणि त्यात मधल्या चॅनेलचा आवाज पुरेसा ठेवा. संवाद बहुतेक तिथेच असतात. ‘गाणी मोठी, बोलणं ऐकूच येत नाही’ ही तक्रार पुष्कळदा इथूनच सुरू होते.

एवढं करून जुन्या ऑप्टिकल वायरने ऐकणार असाल तर मेहनत वाया. त्या वायरीतून लॉसलेस सराउंड जातच नाही. एचडीएमआय हवं आणि टीव्हीमधून आवाज परत घेत असाल तर दोन्हीकडे साधं एआरसी नव्हे, ईएआरसी हवं. फाइल लावा आणि रिसीव्हरच्या पट्टीवर काय उमटतं ते पाहा. ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी दिसलं तर झालं. मल्टिचॅनेल पीसीएम दिसलं तर घडी प्लेअरनेच उलगडली आहे, साध्या ५.१ साठी तेही चालतं. नुसतं दोन चॅनेलचं पीसीएम दिसलं तर फाइल पुन्हा उतरवत बसू नका. आधी प्लेअरच्या सेटिंगमध्ये पासथ्रू चालू आहे का ते बघा.