नुसता अंगारा दोषी नाही

खेड्यातली आई आजारी बाळाला आधी मांत्रिकाकडे नेते, म्हणून ते दगावते. अंधश्रद्धा गेली की बालमृत्यू आपोआप घटतील, असे सर्रास म्हटले जाते. वर्धा जिल्ह्यातला पुरावा हे म्हणणे टिकू देत नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी ग्रामीण मातांशी बोलून केलेला अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. आजारी नवजात बाळाला ताबडतोब डॉक्टरकडे न्यावे, हे सुमारे 87 टक्के मातांना मान्य होते. प्रत्यक्षात सरकारी वा खासगी दवाखान्यात उपचार मिळाले ते जेमतेम 42 टक्के आजारी बाळांना. 46 टक्क्यांना कसलेच उपचार मिळाले नाहीत. कारणांत बाहेरच्या बाधेवरचा विश्वास होताच, पण पैसा नसणे, गाडी न मिळणे, डॉक्टर जागेवर नसणे आणि घरात जबाबदार माणूस नसणे हेही होते. म्हणजे ज्या आईला आपण अडाणी ठरवतो, तिला दवाखान्याचे महत्त्व आधीच पटलेले होते.

यावरून श्रद्धेला हातच लावू नका, ती लोकांची संस्कृती आहे, असे कोणी म्हणेल तर तेही मला मान्य नाही. तान्हे बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार पडले, श्वास भरभर चालू लागला, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो आणि तिथे तासांचा हिशेब असतो. उतारा टाकून सकाळची वाट पाहण्यात ते तास जातात. मीठ-मोहरीने नजर काढून लगेच दवाखाना गाठला तर बाळाचे काही बिघडत नाही. सहा महिन्यांपेक्षा मोठ्या बाळाला जुलाबात पाजलेली तांदळाची पेज तर उपयोगाचीच. पण चिकाचे दूध पिळून टाकणे किंवा मेळघाटात पोट फुगले म्हणून बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याचे डाग देणे ही उघड इजा आहे, आणि ती थांबवलीच पाहिजे. प्रत्येक रूढीला एकच प्रश्न विचारावा: हिच्यामुळे बाळाला इजा होते का, उपचाराला उशीर होतो का?

गावोगाव डॉक्टर कुठून आणणार, हा आक्षेप खरा आहे. त्याचे उत्तर गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दिले. 1995 ते 1998 या काळात 39 गावांत तिथल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली गेली, गरज पडली तर प्रतिजैविकाचे इंजेक्शनही त्यांनीच दिले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांशी ताडून पाहता नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले. कमी शिकलेल्या बाईच्या हाती सुई देणे धोक्याचे, ही भीती त्या आकड्यांपुढे उरत नाही. तिथे आधी श्रद्धा बदलण्याची वाट पाहिली गेली नाही. औषध उंबऱ्यापर्यंत नेले गेले. याच धर्तीवर 2011 पासून आशा ताईंच्या गृहभेटी देशभर सुरू झाल्या. वर्ध्यातल्या प्रत्येक आशा ताईमागे रात्री बोलावताच येणारी गाडी आणि जागेवर सापडणारा डॉक्टर हवा, आणि हे देणे मांत्रिकाचे नव्हे, सरकारचे काम आहे.