गाडी एकाची, नाव दुसऱ्याचे

महाविद्यालये उघडण्याचे दिवस आले की पुण्यात परदेशी विद्यार्थ्यांची नवी तुकडी दाखल होते. इराण, अफगाणिस्तान, येमेन, सुदान अशा देशांतून आलेली ही मुले प्रथम खोली शोधतात, मग खानावळ, आणि महिना-दोन महिन्यांत दुचाकीच्या मागे लागतात. कोंढव्यात बिऱ्हाड आणि गणेशखिंडीत वर्ग अशी ज्याची स्थिती, त्याने दुसरे काय करावे? बसथांब्यावर तिष्ठत उभे राहण्याचा अनुभव गाठीशी असलेल्या पुणेकरांस याचे स्पष्टीकरण आम्ही द्यावयास नको. तेव्हा ही मुले गाडी घेतात याबद्दल आमची तक्रार नाही. ती गाडी रस्त्यावर धावते कोणाच्या नावाने, हा प्रश्न मात्र शहराने विचारावयास हवा, आणि तो आजवर कोणी गांभीर्याने विचारलेला दिसत नाही.

व्यवहारात घडते ते असे. नवी गाडी घ्यावयाची तर विक्रेता आधार मागतो. ते नाही म्हटल्यावर, ‘कोणा इथल्या माणसाच्या नावावर घ्या’ असा सल्ला मिळतो. मग वर्गमित्र, घरमालक, नाहीतर ओळखीचा दुकानदार आपले नाव देतो. बहुधा भलेपणाने, क्वचित चार पैसे घेऊन. जुनी गाडी घ्यावयाची तर मार्ग याहूनही सोपा. हस्तांतराच्या २९ व ३० क्रमांकांच्या नमुन्यांवर विकणाऱ्याची कोरी सही घ्यावयाची, आर. सी. बुक खिशात घालावयाचे आणि गाडीला किक मारावयाची. शिक्षण संपले की तोच कागदांचा जुडगा पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती जातो. पहिला मालक तेहरानला परतून चार वर्षे झालेली असतात, आणि त्याच्या नावाची मोटारसायकल कॅम्पातून अजून हिंडत असते.

हे सारे सुखाने चालते, पण ते अपघात होईपर्यंतच. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम २ मध्ये ‘मालक’ या शब्दाची व्याख्या आहे: ज्याच्या नावे वाहनाची नोंद, तो मालक. पैसे कोणी मोजले, किल्ली कोणाजवळ असते, हे कायदा विचारीत नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते. गाडी एकामागून एक अनेक हातांतून गेलेली, नोंद मात्र मूळ मालकाच्याच नावावर राहिलेली. भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकाचीच, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. ज्या घरमालकाने भाडेकरूच्या सोयीसाठी नाव दिले, त्याने या निकालाचा अर्थ नीट समजावून घ्यावा. चालविणाऱ्याजवळ योग्य परवाना नसेल, तर विमा कंपनी जखमी झालेल्यास रक्कम देते, पण ती मागाहून मालकाकडून वसूल करू शकते. आणि विनापरवाना माणसाच्या हाती गाडी देणे हा कलम ५ खाली मालकाचाच दोष ठरतो. म्हणजे ज्याने ती गाडी कधी चालविलीही नाही, त्याच्या मालमत्तेवर टाच येऊ शकते!

परवान्याचा प्रश्न तर याहून अधिक दुर्लक्षित आहे. १९४९ च्या जिनीव्हा कराराप्रमाणे दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना आपल्याकडे चालतो, पण तो एक वर्षापुरता, आणि ज्या वर्गाच्या वाहनाचा शिक्का त्यावर असेल त्याच वर्गापुरता. मोटारीचा शिक्का मोटारसायकलीस चालत नाही. चौकातील हवालदार बिचारा पासपोर्ट आणि ते अनेक भाषांतले पुस्तक पाहून गोंधळतो. दंड होतो तो हेल्मेटचा; परवान्यावरील वर्ग कोणी तपासीत नाही.

आता कोणी म्हणेल की परकीयाला येथे गाडीची मालकी मिळतच नसेल, म्हणून हे आडमार्ग. वस्तुतः तसे मुळीच नाही. कायद्याचे ४० वे कलम वाहनमालकाचे निवासस्थान वा व्यवसायाचे स्थान विचारते. त्याचे नागरिकत्व विचारीत नाही. पत्त्याच्या पुराव्यांची जी यादी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्या चौथ्या नियमात दिली आहे, तीत पासपोर्ट आहे, आणि योग्य कारणास्तव इतर कागद देता येत नसतील तर दंडाधिकारी वा नोटरी यांच्यापुढे केलेल्या प्रतिज्ञापत्राचीही सोय आहे. अडचण उभी राहते ती अशी की परदेशी पासपोर्टावर पत्ता असलाच तर तो येमेनातला असतो, पुण्यातला नव्हे. आधार परकीयासही मिळू शकते, परंतु त्यासाठी गेल्या बारा महिन्यांत १८२ दिवस येथे वास्तव्य व्हावे लागते. ज्या पहिल्या सहा महिन्यांत त्याला गाडीची सर्वाधिक निकड, नेमक्या त्याच काळात हा दरवाजा बंद. प्रतिज्ञापत्र स्वीकारावयाचे की नाही, हे टेबलामागे बसलेल्या माणसाच्या मर्जीवर राहते. एका कार्यालयात चालणारा कागद दुसऱ्या कार्यालयात चालत नाही, ही तक्रार जुनीच आहे. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज विक्रेत्यानेच करावयाचा आहे. अर्ज परत आला तर त्याचा खोळंबा. तेव्हा तो सोपी वाट दाखवितो, यात त्याला तरी फार दोष का द्यावा?

परदेशांत हे कसे चालते ते पाहण्यासाठी आपल्याला पुस्तके चाळण्याचे कारण नाही. आपल्याच घरांतील मुले तेथे आहेत. जर्मनीत गेलेला मराठी अभियंता नव्या घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात आपल्या निवासाची नोंद करतो. ती नोंद, पासपोर्ट, विमा कंपनीने दिलेला सांकेतिक क्रमांक आणि वाहनकर बँकेतून परस्पर वळता करण्याची संमती, एवढे गाडीच्या कागदांसोबत नेले की मोटारसायकल त्याच्या स्वतःच्या नावे होते. विमा आधी, क्रमांकाची पाटी नंतर. तू भारतीय की जर्मन, या प्रश्नावर तेथील नोंदणी अडत नाही. मात्र परवान्याच्या बाबतीत तोच देश अतिशय कडक आहे. भारतीय परवाना तेथे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने चालतो. पुढे लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा दिल्यावाचून सुटका नाही. मालकीची नोंद सुलभ आणि चालविण्याची परीक्षा कठीण, असा त्यांचा क्रम. आपण तो बरोबर उलटा लावून ठेवला आहे.

यात आणखी एक विसंगती आहे. म्युनिकच्या रस्त्यावर तो मराठी तरुण ज्या के.टी.एम.वर बसतो, ती कदाचित चाकणला तयार झालेली असते. पुण्याजवळ बनलेली गाडी युरोपात परकीयाच्या नावे रीतसर नोंदली जाते; तीच गाडी ज्या गावात बनली, त्या गावात परकीयाने घ्यावयाची म्हटले तर दुसऱ्याचे नाव उसने घ्यावे लागते.

येथे पर्यटकांचा प्रश्न आम्ही मुद्दाम बाजूस ठेवतो. दिल्लीच्या करोल बागेत जुनी बुलेट घेऊन लडाख गाठावयाचे आणि परत येऊन ती त्याच दुकानदाराला विकावयाची, हा छंद कित्येक वर्षांचा आहे. तेथेही नावावर गाडी क्वचितच होते. परंतु महिन्याभरासाठी आलेल्या माणसाला मालकीची गरजच काय? गोव्याने काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या भाड्याच्या दुचाक्यांची व्यवस्था केली आहे. तिच्यात उणिवा असतील, पण गाडी कोणाची हे तरी पाटीवरून कळते. आमचा रोख आहे तो तीन-चार वर्षे येथे राहणाऱ्या, घरभाडे देणाऱ्या, आपल्या शेजारी नांदणाऱ्या परकीयांकडे.

सुरक्षिततेचे कारण पुढे करून कोणी या सुलभतेस विरोध करील, याची आम्हांस कल्पना आहे. परकीयांच्या हाती गाड्या सहज देऊ नयेत, असे म्हणणारे लोक आहेत. त्यांना आमचे इतकेच विचारणे आहे की गाड्या त्यांच्या हाती आज नाहीत काय? त्या आहेतच, फक्त सरकारदप्तरी त्यांची नावे नाहीत. धडक देऊन पळालेल्या दुचाकीचा क्रमांक पोलिसांनी टिपला, तर त्यांचा शिपाई पोहोचतो तो सदाशिव पेठेतील एका निवृत्त मास्तरांच्या दारी. परकीय विद्यार्थ्याचा पासपोर्ट, व्हिसा, राहण्याची जागा यांची माहिती पोलिसांच्या परकीय नोंदणी कार्यालयात असते. तिची सांगड गाडीच्या क्रमांकाशी घातली, तर कोणत्याही पुणेकराच्या दुचाकीपेक्षा या दुचाकीचा माग काढणे सोपे होईल.

परकीयाचे वास्तव्य दोन-तीन वर्षांचे आणि नोंदणी पंधरा वर्षांची, हा आक्षेप मात्र खरा आहे. व्हिसा संपल्यावर गाडीचे काय, याचे उत्तर द्यावेच लागेल. कायद्याप्रमाणे त्याच राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत व घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवावयाचे असते. पण शनिवारी पहाटेचे विमान गाठणारा मुलगा शुक्रवारी रात्री गाडी विकतो, त्याला या मुदतींचे भान कोठून राहणार? येथे महाविद्यालयांनी पुढे यावे. ग्रंथालयाची पुस्तके परत केल्याचा दाखला दिल्यावाचून ती गुणपत्रिका हाती देत नाहीत. त्याच कागदावर ‘वाहन हस्तांतराचा अर्ज दाखल’ अशी एक ओळ वाढविणे त्यांना अवघड नाही. विद्यार्थ्यांच्या प्रवेशापासून शुल्क घेण्यापर्यंत साऱ्या बाबतींत ज्या संस्था इतक्या दक्ष, त्यांनी मुले परत जाताना डोळे मिटून घ्यावेत हे आम्हांस पटत नाही.

परिवहन आयुक्तांकडे आमची मागणी मोठी नाही. तिच्यासाठी नवा कायदा नको, विधिमंडळ नको. परकीय नोंदणी कार्यालयाचा निवासदाखला, पासपोर्ट व व्हिसा, आणि नोंदणीकृत भाडेकरार किंवा वसतिगृहाचे पत्र, एवढे कागद आणणाऱ्या परकीयाच्या नावे वाहनाची नोंद करावी, असे एक लेखी परिपत्रक त्यांनी काढावे. ते एम. एच. १२ ला आणि एम. एच. १४ ला सारखेच लागू असावे, आणि मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत प्रत्येक विक्रेत्याच्या काचेवर लावलेले असावे. पुढील वर्षाचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी ते निघाले तर उत्तम. तोवर, उसने नाव देऊन बसलेल्या पुणेकरांनी आपल्या नावे किती गाड्या रस्त्यावर आहेत आणि त्यांच्या विम्याची मुदत केव्हा संपते, एवढे तरी आज पाहून घ्यावे.