कळ मनगटात, मूळ मानेत

२००४ साली सचिन तेंडुलकरच्या डाव्या कोपराने दगा दिला आणि ‘टेनिस एल्बो’ हा शब्द महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचला. मे २००५ मध्ये लंडनला त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. पण तोवर लोकलच्या डब्यापासून पानाच्या टपरीपर्यंत एकच चर्चा रंगली होती, सचिनची बॅट फार जड आहे का? त्या चर्चेत वैद्यकीय ज्ञान बेताचेच होते, तथापि प्रश्न अचूक होता. अवयवावर भार किती पडतो, किती वेळा पडतो आणि त्यात अलीकडे काय बदलले, याच दिशेने अशा दुखण्याचा शोध घ्यावा लागतो. आज तोच टेनिस एल्बो, तीच खांदेदुखी, त्याच बोटांतल्या मुंग्या शहरांतील जिममध्ये सर्रास आढळतात. सचिनच्या बॅटचे वजन विचारणारे मात्र स्वतःच्या डंबेलविषयी तोच प्रश्न विचारताना दिसत नाहीत.

जिममधील मृत्यूची बातमी होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांचे निधन झाले, ऑगस्ट २०२२ मध्ये विनोदी कलाकार राजू श्रीवास्तव दिल्लीतील जिममध्ये कोसळले आणि पुढच्या महिन्यात त्यांची प्राणज्योत मालवली, तेव्हा हृदयतपासणीची देशभर चर्चा झाली. सांधे आणि मज्जातंतूंच्या दुखण्याने कुणाचा जीव जात नाही. फक्त माणूस व्यायाम सोडतो. ही किंमत लहान नव्हे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२२ साली भारतातील ४९.४ टक्के प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती. २००० साली हेच प्रमाण २२.३ टक्के होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मधील पाहणीने मधुमेहींची संख्या दहा कोटींवर असल्याचे सांगितले. अशा देशात ज्याने जेमतेम व्यायामाला सुरुवात केली, त्यालाच दुखण्याने पुन्हा खुर्चीत बसवले तर सार्वजनिक आरोग्याच्या हिशेबात तो तोटाच आहे.

दुखणे सुरू झाले की शहरी माणसाचा प्रवास जवळजवळ ठरलेला असतो. पहिला थांबा औषधाचे दुकान. डायक्लोफेनॅक ही ‘शेड्यूल एच’मधील, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये अशी गोळी, प्रत्यक्षात ती कशी मिळते हे वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. दुसरा थांबा जिमचा ट्रेनर. ‘मसल टाइट झालाय, स्ट्रेचिंग कर’ हे त्याचे उत्तर कुठल्याही सांध्याला लागू पडते. तिसरा थांबा एमआरआय, आणि हा सर्वांत फसवा. कारण अहवालात काहीतरी सापडतेच.

२०१५ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ न्यूरोरेडिओलॉजी’त ३३ अभ्यासांचा आणि ३,११० व्यक्तींच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. यांपैकी कुणालाही पाठदुखीची तक्रार नव्हती. तरीही विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधील चकत्यांची झीज दिसली, ३० टक्क्यांच्या चकत्यांना फुगवटा होता. पन्नाशीत हे आकडे अनुक्रमे ८० आणि ६० टक्क्यांवर गेले. याचा अर्थ असा, की चाळिशीतील माणसाच्या अहवालात ‘डिस्क बल्ज’ लिहून आले म्हणजे त्याच्या कळेचे कारण सापडले असे नव्हे. केसांतल्या पांढऱ्या बटेइतकीच ती नोंद निरुपद्रवी असू शकते. आपल्याकडे तर तिचे तत्काळ ‘गादी सरकली’ असे भाषांतर होते. वस्तुतः ही गादी दोन मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. ती सरकत नाही. फुगते, किंवा फाटून आतला गर बाहेर येतो. पण एकदा ‘सरकली’ म्हटले की पुढची दहा वर्षे माणूस वाकताना घाबरतो.

तेव्हा मूळ शोधायचे कसे? मज्जातंतूंच्या बाबतीत शरीर स्वतःच बराच तपशील पुरवते. तो विचारून घेण्यापुरता वेळ मात्र हवा. हाताला मुंग्या येतात अशी तक्रार असेल तर ‘कोणत्या बोटांना?’ या एका प्रश्नावर निम्मे काम भागते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल, रात्री जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर संशय मनगटातील बोगद्यात दबलेल्या मीडियन मज्जातंतूवर जातो. करंगळी आणि अनामिका असेल तर गुन्हेगार अल्नर. टेबलाच्या कडेवर कोपर आपटले की ज्याच्यामुळे झिणझिण्या येतात तो हाच. कोपराच्या आतल्या बाजूला तो हाडालगत जवळजवळ उघडाच असतो. कोपर पूर्ण वाकवून केलेले पुल-अप, हात उशाखाली दुमडून झोपण्याची सवय, कानाला लावलेला फोन, यांपैकी कशानेही तो चिडतो. सायकलस्वारांत मात्र तोच मज्जातंतू पुढे, मनगटाशी, हँडलवर टेकलेल्या तळहाताखाली दबतो. दोन्ही जागांतला फरक ओळखण्याची खूण सुरेख आहे: करंगळीच्या बाजूचा हाताचा मागचा भागही बधिर असेल तर दाब बहुधा कोपराशी वा त्याहून वर, मागचा भाग शाबूत आणि फक्त बोटे बधिर असतील तर मनगटाशी. एकाला झोपण्याची पद्धत बदलावी लागते, दुसऱ्याला हँडलची उंची. दोघांनाही एकच मलम देऊन काय साधणार?

याहून गोंधळात टाकणारी जागा म्हणजे मान. मानेच्या सातव्या मज्जातंतूच्या मुळावर दाब आला तर मधले बोट बधिर होते आणि ट्रायसेप्सची ताकद घटते. रोज बेंच प्रेस करणाऱ्याला एक हात मागे पडतोय एवढेच जाणवते. तो ‘कमजोर’ हाताचे सेट वाढवतो आणि दुखणे बळावते. मान मागे झुकवून त्या बाजूला वळवताच हातात कळ उतरली, तर तपासणाऱ्या डॉक्टरला उत्तराची दिशा मिळते. मनगटाला पट्टा बांधून हे दुखणे जाणारे नसते. मांडीच्या बाहेरच्या बाजूस जळजळ होते, त्वचा बधिर वाटते आणि रुग्ण ‘सायटिका’चे औषध घेत असतो, अशीही उदाहरणे विरळ नाहीत. त्यातल्या काहींचा दोष कमरेला करकचून आवळलेल्या वेटलिफ्टिंगच्या पट्ट्याचा असतो: जांघेजवळ त्वचेचा एक मज्जातंतू त्याखाली चेपला जातो. पट्टा सैल करणे हाच तेथे मुख्य उपचार.

सांध्यांचीही तीच कथा. अठ्ठेचाळीस वर्षांच्या एखाद्या गृहस्थाचा खांदा जिम सुरू केल्यावर दोन महिन्यांत दुखू लागला, की दोष वजनांच्या माथी जातो. परंतु दुसऱ्या कुणी त्याचे कोपर कमरेला लावून हात बाहेर वळवू पाहिला आणि तो तेव्हाही वळेना, तर दुखणे कंडरेचे नसून खांदा गोठल्याचे असण्याची शक्यता अधिक. गोठलेला खांदा मधुमेहींत विशेष आढळतो. म्हणजे या गृहस्थाला खांद्याच्या एमआरआयआधी रक्तातील साखरेची तपासणी हवी असते. गुडघ्याच्या वाटीभोवतीच्या दुखण्यात तर गुडघा बहुधा बळी असतो. पावसाळ्यात मॅरेथॉनच्या तयारीला लागलेला धावपटू आठवड्याचे अंतर एकदम दुप्पट करतो, नितंबाचे स्नायू तेवढे तयार नसतात, प्रत्येक पावलाला मांडी आत कलते आणि त्याचा ताण वाटीवर येतो. तेथे नी-कॅप चढवणाऱ्याने मांडी आणि नितंब बळकट करण्याकडे लक्ष दिले तर लवकर बरे वाटते.

काही वेळा तर मूळ व्यायामात नसतेच. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४४१ निरोगी पुरुषांपैकी सुमारे दोनतृतीयांश जणांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण त्याहून जास्त होते. या कमतरतेने हातापायांना मुंग्या येतात. मधुमेहानेही येतात, आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ आणखी घटू शकते. थायरॉईडच्या मंदपणाने मनगटातील बोगदा अरुंद होतो. दोन्ही पायांचे तळवे सारखेच बधिर होत असतील तर स्क्वॅटला दोष देण्यापूर्वी रक्ताची साधी तपासणी करून घेणे शहाणपणाचे. शिवाय जिमचा एक तास सर्वांच्या डोळ्यांवर येतो, उरलेले तेवीस येत नाहीत. लॅपटॉपपुढे पुढे काढलेली मान, एका खांद्यावरची सॅक, लोकलमध्ये डोक्यावरची कडी धरून तासभर ताणलेला हात, खड्ड्यांतून दुचाकी चालवताना मनगटांना बसणारे हादरे, हाही भारच असतो. जिम त्यावर शेवटची काडी ठेवते.

उपचारांबाबतचे पुरावे गेल्या दोन दशकांत पुष्कळ स्पष्ट झाले आहेत आणि ते झटपट उपायांच्या बाजूचे नाहीत. टेनिस एल्बोवर स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले की चार-सहा आठवडे छान जातात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १६५ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा करून २०१३ मध्ये जो निष्कर्ष मांडला तो मात्र विचार करायला लावणारा होता: इंजेक्शन घेतलेल्यांत ५४ टक्क्यांचे दुखणे उलटले, खोटे इंजेक्शन घेतलेल्यांत अवघ्या १२ टक्क्यांचे. गुडघ्याची गादी झिजून फाटल्यावर दुर्बिणीतून केली जाणारी शस्त्रक्रिया लुटुपुटुच्या शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरत नाही, हे फिनलंडमध्ये त्याच वर्षी दिसले. खांद्याच्या हाडाखालची जागा मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियेविषयी ब्रिटनमधील ३२ रुग्णालयांचा निष्कर्षही साधारण असाच आला. अपघाताने तुटलेल्या अस्थिबंधाला हे लागू नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

मग सरस काय? स्वीडनचे अस्थिशल्यचिकित्सक हाकन आल्फ्रेडसन यांची टाच दुखत होती. वरिष्ठ शस्त्रक्रियेस तयार होईनात, तेव्हा कंडरा तुटली तरच ते ऐकतील अशा त्राग्याने त्यांनी दुखऱ्या पायावरच वजन घेऊन टाच खाली सोडण्याचा व्यायाम आरंभला, असे सांगितले जाते. कंडरा तुटली नाही, बरी झाली. १९९८ मध्ये त्यांनी १५ हौशी धावपटूंवर बारा आठवड्यांचा तोच कार्यक्रम राबवून निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि ‘संपूर्ण विश्रांती’ या सल्ल्याला तडा गेला. स्नायू काही आठवड्यांत बळावतो, कंडरेला महिने लागतात. नव्या उत्साही सभासदाचा अपघात याच फरकात दडलेला असतो. म्हणून भार शून्यावर आणण्याऐवजी सोसवेल इतका कमी करायचा, पकड वा कोन बदलायचा, आणि दुखणे दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्वपदावर येते की नाही हे पाहून पुन्हा वाढवत न्यायचा, ही पद्धत आता रूढ आहे. कंटाळवाणी आहे, पण गुण येतो.

थांबून चालणार नाही अशा खुणा मात्र वेगळ्या आहेत. लघवी वा शौचावरील ताबा जाणे, बैठकीच्या जागी बधिरपणा, पाऊल उचलता न येणे, हाताचा पंजा सुकत जाणे, जोरदार व्यायामानंतर चहासारखी गडद लघवी, किंवा डाव्या हातातील कळेसोबत दम आणि घाम, यांपैकी काहीही झाले तर ट्रेनरला विचारण्यात वेळ दवडू नये. तडक रुग्णालय गाठावे.

प्रश्न उरतो तो हा शोध घ्यायचा कुणी. जुन्या तालमीत वस्ताद असे. तेथेही खांदे निखळत, गुडघे मोडत, आणि हळदीच्या लेपापलीकडे इलाज नसे. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु काल कुणी किती जोर-बैठका काढल्या हे वस्तादाला ठाऊक असे. जिममध्ये तीन महिन्यांत ट्रेनर बदलतो, आणि अनेक ठिकाणी त्याची कमाई ‘पर्सनल ट्रेनिंग’चे किती ग्राहक मिळाले यावर ठरते. वजन कमी कर, असे सांगणारा ट्रेनर या गणितात बसत नाही. त्याने किमान कोणते शिक्षण घेतलेले असावे याचीही सक्ती नाही. कौशल्यविकासाचे अभ्यासक्रम आहेत, ते ऐच्छिक.

फिजिओथेरपीची स्थिती तुलनेने बरी. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५३ मध्ये या शास्त्राचे शिक्षण सुरू झाले, राज्याने २००२ च्या कायद्याने या व्यवसायाची परिषद स्थापण्याची तरतूद केली आणि २०२१ मध्ये केंद्राचा व्यापक कायदाही आला. पण सप्टेंबर २०२५ मध्ये गाजले काय, तर फिजिओथेरपिस्टनी नावाआधी ‘डॉक्टर’ लावावे की नाही. आरोग्य सेवा महासंचालनालयाने मनाईचे पत्र काढले आणि लगेच मागेही घेतले. रुग्णाच्या दृष्टीने निकडीचा मुद्दा वेगळाच आहे. बहुतांश विमा पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देतात. शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात, बारा आठवड्यांच्या व्यायामाचे खिशातून जातात.

अनेक जिमच्या प्रवेशअर्जात ‘पूर्वीचे आजार व दुखापती’ असा एक रकाना असतो. सभासद तेथे आडवी रेघ मारतो, अर्ज कपाटात जातो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या हाती बार देणाऱ्याने तो पाहिलेलाही नसतो.