पुराआधीची होडी

नाशकात पूर फुटपट्टीने नाही, दुतोंड्या मारुतीने मोजतात! पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला की गळ्याला, एवढं सांगितलं की नाशिककराला सगळं कळतं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तर मारुतीराय पुरते बुडाले.

पण रामकुंडाजवळ होडी घालून उपयोग नाही. तिथे पाणी पुलांना धडका देत धावतं. होडीचं खरं काम पुढे निफाड तालुक्यात, सायखेडा-चांदोरीकडे. दारणेचं पाणी गोदावरीला मिळालेलं, पुढे नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा. पाणी पसरतं, गावात शिरतं आणि माणसं माडीवर अडकतात.

मग होडी आणायची कुठून? राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, पाचवी बटालियन असते पुण्याजवळ. तिथून भर पावसात दोनशे किलोमीटर यायचं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं! म्हणून बोटी पावसाळ्याआधीच काठावरच्या गावांत हव्यात.

नुसती बोट ठेवूनही भागत नाही बरं का. रबरी बोटीत हवेचे वेगवेगळे कप्पे असतात. एक फाटला तरी बाकीचे तिला तरंगत ठेवतात. तरी बाभळीचा काटा आणि बुडालेलं तारेचं कुंपण हे तिचे वैरीच. इंजिनाच्या पंख्यात पाणवेली गुंततात, आणि सायखेड्याच्या पुलाला तर पुरात पाणवेलींचे ढीग अडकतात. म्हणून बोटीत गावचा एक माहीतगार हवाच. विहीर कुठे, विजेच्या तारा कुठे, कोणत्या घरात आजी अंथरुणाला खिळलेली आहे, हे त्याला पाठ असतं.

आता एक दुःखाची गोष्ट. ८ ऑगस्ट २०१९, सांगली जिल्ह्यातलं ब्रह्मनाळ. तिथे होडी होती, पण तिला पेलवतील त्याहून जास्त माणसं चढली. ती उलटली. अनेक जण बुडाले, त्यांत लहान मुलंही होती.

त्या लोकांना दोष कसा द्यायचा? पाणी चढत असताना काठावर मागे कोण राहील? ‘पुढच्या खेपेला’ म्हटल्यावर माणूस थांबतो, पण ती खेप येणार असा भरवसा असेल तरच. तो भरवसा म्हणजे दुसरी बोट, इंजिनाचं पुरेसं इंधन आणि माणशी एक लाइफ जॅकेट.

तुमचं गाव नदीकाठी असेल, तर आज आईबाबांना विचारा: आपल्याकडची बोट कुठे ठेवलेली असते आणि ती चालवतं कोण?