हात चालू द्या, भीती जाऊ द्या



"शाळेत पोरांना नुसतं खेळवतात, शिकवतंय कोण?" असे पारावर पुष्कळ जण म्हणतात. गप्प बसून घोकणे म्हणजेच अभ्यास, असे त्यांना वाटते. मला हे पटत नाही. आपण नुसत्या डोक्याने शिकत नाही. हात, पाय आणि मनसुद्धा शिकते.

अक्षर आधी धुळीत बोटाने गिरवले की हाताला वळण लागते. चिंचोके मांडले की बेरीज दिसते. अंगण स्वतः मोजले की मीटर म्हणजे किती ते कळते. यात वेळ फुकट गेला का?

मोठे अभ्यासकही हेच तपासून पाहतात. अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या सुसान गोल्डिन-मेडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसरी-चौथीच्या मुलांना 4 + 3 + 6 = ? + 6 अशा प्रकारची गणिते शिकवली. काही मुलांनी 'दोन्ही बाजू सारख्या करायच्या' एवढे तोंडाने म्हटले. काहींनी आधी डाव्या बाजूखाली, मग उजव्या बाजूखाली हात फिरवला. चार आठवड्यांनी पाहिले, तर हात फिरवणाऱ्यांच्या ते जास्त लक्षात होते. हा प्रयोग 2008 मध्ये प्रसिद्ध झाला.

मनाचेही तसेच आहे. मेरी हेलन इमॉर्डिनो-यांग या बाई आधी शाळेत विज्ञान शिकवीत. पुढे हार्वर्ड विद्यापीठात संशोधन करून 2005 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. 2007 मध्ये मेंदूचे अभ्यासक अंतोनियो दामासिओ यांच्याबरोबर त्यांनी एक लेख लिहिला. मेंदूच्या एका भागाला इजा झालेल्या काही माणसांना शिकलेले सगळे सांगता येते, पण भावनांची साथ तुटल्यामुळे त्यांचे रोजचे निर्णय चुकतात, असे त्यात आहे. म्हणजे भावना बाजूला ठेवली तर ज्ञान कामाला येत नाही.

पाढे पाठ हवेतच, नको कोण म्हणतो? पण छडीच्या धाकाने म्हटलेला पाढा बाजारात हिशेब करताना आठवेल का? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला आणि मनाला त्रास द्यायला मनाई केली आहे. मग घरी तरी धाक कशाला?

पालकहो, "किती मार्क पडले?" हे विचाराच, पण त्याआधी "आज काय करून पाहिलंस?" असे विचारा. आणि मित्रांनो, गणित अडले तर खुशाल बोटे मोजा. त्यात लाजायचे काय?

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी