मॅन्युअलातलं पान दाखवा, मगच पैसे मागा

लोअर परळच्या ऑफिसांत काम करणाऱ्यांना हा प्रकार पाठ झाला असेल. सकाळी वर्कशॉपचा ड्रायव्हर पोडियम पार्किंगमधून गाडी घेऊन जातो. अकरा-साडेअकराला, ऐन मीटिंगच्या वेळी, व्हॉट्सअ‍ॅपवर एस्टिमेट येऊन पडतं आणि पाठोपाठ सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरचा फोन येतो, ‘‘मॅडम, अप्रूव्ह करून टाका, गाडी आत घ्यायचीय.’’ एस्टिमेटात वर इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर. त्याखाली इंजिन फ्लशिंग, डीकार्बनायझिंग, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी अँटिरस्ट कोटिंग, सायलेन्सर कोटिंग, इंटिरिअर क्लीनिंग, उंदीर पळवणारा स्प्रे, अलाइनमेंट, बॅलन्सिंग. प्रत्येकाचा लेबर चार्ज वेगळा आणि वर 18 टक्के जीएसटी.

देखभालीच्या नावाखाली चाललेली ही विक्री आहे आणि तिचं मुख्य हत्यार भीती आहे. गाडीला कधी काय लागतं, हे गाडी बनवणाऱ्या कंपनीनेच छापून दिलेलं असतं. ग्लव्ह बॉक्समध्ये पडून असलेल्या ओनर्स मॅन्युअलात मेंटेनन्स शेड्यूलचा तक्ता आहे. किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय बदलायचं आणि काय फक्त तपासायचं, हे त्यात ओळीओळीने दिलेलं असतं. त्या तक्त्यात आहे ती गाडीची गरज. त्याबाहेरचं काम सुचवायचं तर आधी गाडी तपासून दोष दाखवावा लागेल. दोष दाखवता येत नसेल, तर पैसे मागायचा काडीचाही अधिकार नाही.

आता ही यादी एकेक करून पाहू. इंजिन फ्लशिंग म्हणजे जुन्या ऑइलमध्ये एक पातळ द्रावण ओतायचं, इंजिन काही मिनिटं चालू ठेवायचं आणि सगळं काढून टाकायचं. पण चांगल्या इंजिन ऑइलमध्ये मळ सोडवणारी रसायनं मुळातच असतात. ते वेळेवर बदललं तर धुण्यासारखं काही साचत नाही. उलट फ्लशचा उरलेला अंश नव्या ऑइलमध्ये मिसळून ते पातळ करतो. ऑइलमध्ये बाहेरचं काही घालू नका, असं काही कंपन्यांचं मॅन्युअलच बजावतं. मग त्याच कंपनीची पाटी लावलेल्या वर्कशॉपात ते कोणाच्या परवानगीने ओतलं जातं?

इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडी साफ करण्याची वेळ खरोखर येते. इंजिन आयडलिंगला थरथरतं, पिकअप पडतो, मायलेज घसरतं, स्कॅनर लावल्यावर कोड दिसतो, तेव्हा ते जरूर करावं. काही तक्रारच नसलेल्या दोन वर्षांच्या गाडीत दर सर्व्हिसला ते करायचं कारण काय? एसीला वास येतो तो बहुतेक वेळा मळलेल्या केबिन फिल्टरमुळे आणि इव्हॅपोरेटरवरच्या ओलाव्यामुळे. पुष्कळ गाड्यांत हा फिल्टर ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि घरच्या घरी बदलता येतो. अलाइनमेंट हवं असतं ते गाडी एका बाजूला ओढत असेल, स्टिअरिंग तिरकं बसलं असेल किंवा टायर एका कडेने झिजत असेल तेव्हा. राहिलं अँटिरस्ट. मुंबईची हवा खारी आहे, हे खरंच. पण बॉडीला कारखान्यातच गंजरोधक प्रायमर आणि सीलर लागलेले असतात. वर्कशॉपात घाईघाईने मारलेला जाड थर चासीतली पाणी निचरायची भोकं बुजवतो. मग पाणी आतच राहतं आणि ज्या गंजाची भीती घातली, त्यालाच आमंत्रण मिळतं.

ब्रेक पॅडचा खेळ तर मी समोर उभं राहून पाहिला आहे. याच भागातल्या एका वर्कशॉपने मला कळवलं, ‘‘पॅड पन्नास टक्के गेलेत, सेफ्टीचा प्रश्न आहे, बदलून घ्या.’’ मी ऑफिसातून उठून तिथे गेले. चाक उतरवून मोजून दाखवा, असं सांगितलं. मेकॅनिकने व्हर्नियर लावला. पॅड सहा मिलिमीटरच्या वर होता. नवा पॅड साधारण दहा ते बारा मिलिमीटरचा असतो आणि तीनच्या आसपास आला की बदलायचा असतो. म्हणजे निम्मा झिजलेला पॅड अजून हजारो किलोमीटर चालतो. मेकॅनिक हळूच म्हणाला, ‘‘ताई, अजून आरामात चालतील.’’ गाडीखाली वाकणाऱ्या त्या माणसाला खरं ठाऊक होतं. टॅबलेट हातात घेतलेल्या अ‍ॅडव्हायजरलाही ते ठाऊक असणारच. पगाराला टार्गेट जोडलं की माणूस ठाऊक असलेलं बोलत नाही. माझा राग त्या पंचविशीतल्या मुलावर नाही. त्याला हे टार्गेट लावून देणाऱ्या मालकावर आहे आणि ते चालवून घेणाऱ्या कार कंपनीवर आहे.

यावर काही जण दुसऱ्या टोकाला जातात. गाडी फार चालत नाही, मग सर्व्हिस कशाला, असं म्हणतात. हेही चूक. लोअर परळच्या गाडीचे किलोमीटर कमी असतात, पण इंजिन तासन्‌तास चालू असतं. डिलाईल रोडचा पूल 2018 मध्ये बंद झाला आणि पूर्ण खुला व्हायला 2023 उजाडलं. त्या काळात सेनापती बापट मार्गावर आणि गणपतराव कदम मार्गावर गाड्यांनी कोंडीत अडकून जे इंजिन तापवलं, ते ओडोमीटरवर दिसत नाही. म्हणूनच तक्त्यात किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात आणि जे आधी भरेल ते धरायचं असतं. अनेक मॅन्युअलांत खडतर वापराचा वेगळा तक्ताही असतो: छोटे पल्ले, धूळ, थांबत-थांबत चालणारी वाहतूक. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहत असलेला हा सगळा पट्टा त्यात चपखल बसतो. इथे ऑइल वेळेवरच बदललं पाहिजे आणि एअर फिल्टर उघडून पाहिलाच पाहिजे.

ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं. ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि ऐन वेळी ब्रेक दगा देतो. बऱ्याच कंपन्या ते दोन-तीन वर्षांनी बदलायला सांगतात. पावसाळ्यात हिंदमाता-परळच्या साचलेल्या पाण्यातून गाडी काढावी लागली तर ब्रेक उघडून साफ करायला हवेत आणि गिअर ऑइलमध्ये पाणी गेलंय का, ते तपासायला हवं. पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारू नये, नाहीतर सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. जीव वाचवणारी कामं ही आहेत. माझ्या हाती आलेल्या लांबलचक एस्टिमेटांत सुगंधी स्प्रे होता, ब्रेक फ्लुइडचा उल्लेख नव्हता. हे मी विसरणार नाही आणि माफही करणार नाही.

ग्राहक तरीही मान डोलावतो, कारण शेवटचा बाण ठरलेला असतो: ‘‘नाही केलंत तर वॉरंटीला प्रॉब्लेम येईल.’’ इथे कायदा नीट समजून घ्या. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती आपल्याच साखळीत कोंडून ठेवली, हा आक्षेप होता. बाहेरच्या गॅरेजात काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, त्या कामातल्या चुकीमुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असंही आयोगाने बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या, दंडाच्या रकमेवर लढल्या. आयोगाने मांडलेलं तत्त्व मात्र साध्या न्यायाचं आहे. शेड्यूलमधली कामं वेळेवर केली आणि बिलं जपून ठेवली, तर स्प्रे नाकारला म्हणून कोणाची वॉरंटी जाऊ शकत नाही. तसं कोणी म्हणालंच, तर ‘‘लिहून द्या’’ एवढंच सांगा.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 तर आणखी स्पष्ट आहे. एखाद्या वस्तूची किंवा सेवेची गरज अथवा उपयुक्तता याबद्दल खोटं किंवा दिशाभूल करणारं सांगणं, ही त्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. चांगला पॅड संपला म्हणून सांगणं त्यात सरळ बसतं.

लोअर परळच्या या गल्ल्यांत 1982 च्या गिरणी संपापर्यंत यंत्रांची देखभाल हा हजारो घरांचा रोजगार होता. गिरणीतला फिटर यंत्र उघडायचा तो बिघाड हेरून. त्याच जमिनीवर आज बिघाड न पाहता बिल बनतं आणि सुशिक्षित माणसं ते मुकाट भरतात. ही गरीब गाय वृत्ती सोडायला हवी.

माझी मागणी कार कंपन्यांकडे आहे. एस्टिमेटातल्या प्रत्येक ओळीसमोर मॅन्युअलातला पान क्रमांक छापा. पान नसेल तर मोजलेलं माप आणि फोटो द्या. बदललेला जुना भाग मालकाच्या हातात ठेवा. अ‍ॅडव्हायजरचं टार्गेट विक्रीवरून काढा. हे केलं तर प्रामाणिक वर्कशॉपचं काहीही बुडणार नाही.

ते करेपर्यंत वाट पाहू नका. आज रात्री मॅन्युअल काढा आणि शेड्यूलच्या पानाचा फोटो फोनमध्ये ठेवा. प्रत्येक कामाला वेगवेगळी मंजुरी द्या, पॅकेजला देऊ नका. गल्लीतल्या गॅरेजवाल्यालाही हीच कसोटी लावा. खोटं बोलून पैसे घेतले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. तक्त्यात नसलेल्या आणि गाडीवर दाखवून न दिलेल्या कामाचा एक रुपयाही देऊ नका.